आयरिश स्ट्यू आणि सोडा ब्रेड: बोकडाचं मटण, गिरणीचं पीठ, घरचं ताक चालेल का?

बालाघाट_लातूर
17 मार्चला, सेंट पॅट्रिक डेला, घरी आठ जणांचं आयरिश जेवण करायलोत. स्ट्यू, सोडा ब्रेड, तीन शाकाहारी आहेत त्यांच्यासाठी काहीतरी, आणि शेवटी आयरिश कॉफी. मेंढीचं मटण मिळेलच असं नाही, बोकडाचं मिळतं. ओव्हन नाही. गॅस, कुकर आणि बिडाचा तवा आहे. पीठ गिरणीचं, ताक घरचं. कृतींत ज्याला बटरमिल्क म्हणतात ते आणि आपलं ताक एकच का? आणि आलं-लसूण, फोडणी काहीच न घालता स्ट्यूला चव येते का?

तवा_आणि_ताक
ब्रेडपुरतं मी सांगतो.

ताक तेच, फक्त पाणी घातलेलं नको. आयर्लंडमध्ये लोणी काढून उरलेलं आंबट ताकच वापरायचे. 19व्या शतकात खायचा सोडा मिळायला लागला आणि हा ब्रेड घरोघर गेला, कारण तिथला गहू मऊ, कमी ग्लुटेनचा, यीस्टवर नीट न फुगणारा. आपल्याकडे लोणी काढताना भरपूर पाणी पडतं, त्यामुळे आंबटपणा कमी होतो. मग सोड्याचं काम अर्धवट राहतं आणि उरलेला सोडा ब्रेडमध्ये साबणासारखी चव आणि पिवळे डाग सोडतो. त्यापेक्षा 300 ग्रॅम आंबट दही आणि 130 मिली पाणी घुसळून घ्या.

पीठ: मैदा 300 ग्रॅम, लोकवन गव्हाचं जाडसर दळलेलं पीठ 200 ग्रॅम. बन्सीचं पीठ टाळा, ब्रेड गच्च बसतो. सोडा 1 सपाट छोटा चमचा (5 ग्रॅम), मीठ तेवढंच. शीग लावून सोडा कधीही घ्यायचा नाही. सोड्याच्या गुठळ्या बोटांनी मोडा आणि सगळं दोनदा चाळा.

ओव्हन नसल्याची काळजी नको. उत्तर आयर्लंडमध्ये सोडा फार्ल हा प्रकार तव्यावरच होतो. कोरड्या पिठाचे दोन सारखे भाग करा आणि एका वेळी एकच भिजवा. ओलं झाल्याबरोबर सोडा वायू सोडायला लागतो, दुसरा गोळा वाट पाहत बसला तर बसकाच होणार. आधी तवा मंद आचेवर 5 मिनिटं तापवा, मग पिठात खड्डा करून निम्मं ताक ओता आणि बोटं फाकवून अर्ध्या मिनिटात गोळा करा. गिरणीचं पीठ पाणी जास्त पितं, 20-30 मिली ताक वाढवावं लागेल. पोळीच्या कणकेसारखं मळायचं मात्र नाही. मळलं की चिवट होतो आणि वायूही निघून जातो.

पिठी लावलेल्या ओट्यावर दीड सेंटिमीटर जाड गोल थापा, चार तुकडे कापा, कोरड्या तव्यावर ठेवा. तेल-तूप नको. आच तपासायला तव्यावर चिमूटभर मैदा टाका: मिनिटभरात बदामी झाला तर बरोबर, लगेच काळा पडला तर आच जास्त. प्रत्येक बाजू 8 मिनिटं, मग तुकडे उभे करून कडा एकेक मिनिट. बाहेर काळा आणि आत चिकट राहिला तर कारण एकच, आच मोठी होती. उतरवून स्वच्छ फडक्यात गुंडाळा. त्याच दिवशी खा.

मानेचं_मटण
चव येते, आणि फोडणी न घातल्यामुळेच येते. हा पांढरा स्ट्यू आहे. मटण परतायचं नाही, पीठ लावून दाट करायचं नाही. आलं-लसूण घातलं की तो आपला रस्सा झाला. रस्सा उत्तम, पण तुम्हाला वेगळी गोष्ट करायचीय.

पाच जणांना 1 किलो मटण हाडांसकट, मान आणि चाप. उस्मानाबादी बोकडाच्या मटणात मेंढीपेक्षा चरबी कमी, म्हणून खाटकाकडून 50 ग्रॅम चरबी मागून घ्या. ती नसेल तर रस्सा पाणीदार लागतो. कांदे अर्धा किलो, जाड चकत्या. बटाटे सव्वा किलो. पाणी 1 लिटर, मीठ 2 छोटे चमचे, मिरी, वाळलेला थाइम (सुगंधी पाला) अर्धा चमचा. थाइम नसेल तर नुसती मिरी ठेवा. ओव्यातही थाइमच्या वासाचा थायमॉल असतो, पण दोन-चार दाणे जास्त झाले की पोटदुखीचा काढा होतो.

पातेल्यात चरबी आणि मटण पाण्यासकट ठेवा, उकळी येताना फेस काढत राहा, मग आच अगदी बारीक. पाणी खदखदलं तर मटण आकसतं आणि रस्सा गढूळ होतो. कांदा, थाइम आणि एक तृतीयांश बटाट्याचे पातळ काप आत्ताच घाला. मार्चमध्ये बाजारात नवा बटाटा असतो, तो आपोआप विरघळत नाही, शेवटी पळीनं दाबून मोडावा लागतो. दाटपणा त्यातूनच येतो. दीड तासानं उरलेले बटाटे मोठे तुकडे करून वर ठेवा आणि आणखी 40 मिनिटं. पार्सली असेल तर वरून घाला, कोथिंबीर नको.

गाजराचा वाद जुना आहे, कट्टर लोक घालत नाहीत. मी घालणार नाही.

बालाघाट_लातूर
दादा, एवढा वेळ गॅस जाळण्यापेक्षा कुकर चालेल का?

मानेचं_मटण
चालतो की. मटण, कांदा, चरबी, 700 मिली पाणी: 3 शिट्ट्या, मग बारीक गॅसवर 10 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. बटाटे मात्र झाकण काढल्यावर, 30-35 मिनिटं. मटणासोबत कुकरमध्येच टाकले तर सगळ्याचा लगदा होईल.

पातीचा_कांदा
शाकाहारींसाठी कोलकॅनन, म्हणजे कोबी घातलेला कुस्करलेला बटाटा, करा. हा स्ट्यूच्या जोडीचा दुय्यम पदार्थ नाही, हॅलोवीनला तिथं मानानं वाढतात. बटाटे 1 किलो सालासकट उकडा, सोलून गरम असतानाच कुस्करा. थंड बटाटा मिक्सरमध्ये फिरवला तर डिंकासारखा चिकट होतो. 150 मिली गरम दुधात पातीचा कांदा 5 मिनिटं शिजवून तो दुधासकट मिसळा. 300 ग्रॅम कोबी बारीक चिरून वाफवा आणि पिळून घाला, पाणी राहिलं की सगळं सैल. वाढताना मधे खड्डा करून लोणी, माणशी चमचाभर तरी. कोबी वगळलात तर त्यालाच तिथं चॅम्प म्हणतात.

कॉफीचं: काचेचा पेला गरम पाण्यानं तापवा. साखर 2 छोटे चमचे, चिकोरी नसलेली कडक गरम काळी कॉफी 120 मिली, आयरिश व्हिस्की 40 मिली. नीट ढवळा. साखर टाळू नका, तिच्यामुळे कॉफी जड होते आणि साय वर तरंगते. क्रीम 35 टक्के फॅटचं हवं, 25 टक्क्यांचं पाकीट फेटूनही दाटत नाही. लातूरच्या मार्चमध्ये भांडं आणि क्रीम दोन्ही गार करूनच फेटा, आणि ओघळण्याइतकं दाट झालं की थांबा. उलट्या चमच्यावरून अलगद सोडा, ढवळू नका. हे पेय 1940च्या दशकात शॅनन नदीच्या मुखाशी फॉइन्सच्या विमानतळावर जो शेरिडन या शेफनं बनवलं, थंडीत उतरलेल्या प्रवाशांसाठी. व्हिस्की न घेणाऱ्यांना तीच कॉफी क्रीमसकट द्या.

गोदाकाठ_नांदेड
वाढण्याबद्दल. पबमध्ये स्ट्यू खोल वाडग्यात येतो, शेजारी ब्रेड आणि खारं लोणी, एवढंच. लिंबू-कांदा ठेवू नका, आंबटानं मटणाची मंद चव मरते. कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) आणि कोबी या दिवसाशी जोडतात ते अमेरिकेतल्या आयरिश लोकांचं, आयर्लंडमध्ये बेकन आणि कोबी.

गिनीज (आयरिश काळी बिअर) मिळाली तर फार गार करू नका, 6 अंश पुरे. पबच्या नळाची बिअर दोन टप्प्यांत भरतात: पेला 45 अंश तिरका धरून तीन चतुर्थांश, मग फेस बसेपर्यंत थांबून उरलेली. त्यात नायट्रोजन असतो, त्याचे बारीक बुडबुडे खाली उतरताना दिसतात आणि साईसारखा थर त्यांचाच. नायट्रोजनवाल्या बिअरच्या डब्यात फेस आणणारी प्लॅस्टिकची गोळी असते, तो डबा मात्र एकाच दमात ओतायचा. साध्या बाटलीतली असेल तर तसा थर येणार नाही, त्यात नायट्रोजन नसतो.