मदत हवी आहे: पेशंटचा रिपोर्ट स्टाफ ग्रुपवर आला, मी सरांना सगळ्यांसमोर बोलले

नमस्कार मंडळी, मी परभणीत एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. आमच्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ४३ जण आहेत, डॉक्टर, सिस्टर, रिसेप्शन, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, वॉचमनमामा सगळे त्यातच. लॅबचे सिनियर सर रिपोर्टचा फोटो काढून तिथंच टाकतात, नाव, वय, गाव सगळं दिसतं. डॉक्टरांना लवकर कळावं एवढाच त्यांचा हेतू, मनात खोट नाही.

मागच्या आठवड्यात एका बाईंचा एचआयव्ही पॉझिटिव्ह रिपोर्ट असाच आला. मी घरी होते, भाची माझ्या फोनमधे हळदीचे फोटो शोधायली होती, फोन माझ्यापुढं धरून म्हणली, मावशी हे आपल्याच गावचं नाव हाय ना? फोटो आपोआप गॅलरीत उतरलेला. माझे हातपायच गार पडले.

घाईघाईत मी ग्रुपवरच लिहिलं, सर हा फोटो आत्ता काढा, हे कायद्यात बसत नाही. आणि ते खरंच आहे, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात पेशंटच्या लेखी संमतीशिवाय असं उघड करता येत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवणं वेगळं आणि ड्रायव्हर-वॉचमनला कळणं वेगळं. सरांनी लगेच सगळ्यांसाठी डिलीट केला, पण मधल्या वेळात कुणी स्क्रीनशॉट काढला असेल तर तो कसा परत आणणार?

तेव्हापासून सर माझ्याशी बोलनात. सुई कशी धरायची हे मला त्यांनीच शिकवलं हो, त्यांचा चारचौघात अपमान झाला याचं मला लई वाईट वाटतं, फोन करायला पाहिजे होता. मॅनेजर म्हणतात व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड असतं, काही होत नाही. पण ते वाटेत कुणी वाचू नये म्हणून, ४३ फोनमधे पोचल्यावर त्याचा काय उपयोग?

सरांची माफी मागायची आहे, पण बोलायच्या पद्धतीबद्दल, मुद्द्याबद्दल नाही, हे कसं मांडू? तुमच्याकडं रिपोर्ट कसे पाठवतात, नाव न टाकता नुसता नंबर आणि थेट त्या डॉक्टरांनाच, असं कुणी सुरू केलंय का? मॅनेजरला तोंडी सांगू का ईमेल करू?

आणि त्या बाई सोमवारी परत येणारेत. त्यांना हे सांगावं का, आणि कुणी सांगावं?