कुलंगडी की कुळंगडी? आणि ‘डार्क सीक्रेट’ला मराठीत काय म्हणायचं?

आगरातली:
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना वाचायला बंदी, म्हणून रोज दुपारी ओटीवर बसून मी त्यांना एक इंग्रजी सायकोलॉजिकल थ्रिलर वाचून दाखवते, म्हणजे डोळ्यांनी इंग्रजी आणि तोंडाने मराठी. आई वारल्यावर नायिका माहेरचं घर विकायला जाते नि मग एकेक बाहेर यायला लागतं, अशी कादंबरी आहे. (अजून शंभरेक पानं राहिलीत, कुणी वाचली असेल तर शेवट सांगू नका!) तर काल ‘डार्क फॅमिली सीक्रेट्स’ आलं आणि मी फाडकन ‘घराण्याची काळी गुपितं’ म्हणून मोकळी झाले. सासूबाईंनी काळा चष्मा वर केला. ‘काळी? म्हणजे गोरीही असतात होय गो? गुपित पोरं सांगतात कानात. ह्याला कुळंगडी म्हणतात.’ त्यावर नवरा आतून ओरडला की कुलंगडी म्हणजे नगरपालिकेतली, टेंडरबिंडरची, घराण्याचा काय संबंध, आणि ळ नाही, ल. मायलेकांचं अजून चालूच आहे. मला एवढंच सांगा, उद्या दुपारी मी काय म्हणू?

उकडा तांदूळ:
ल. पेपरात कायम ल च बघितलाय, अमक्याची कुलंगडी बाहेर काढू वगैरे. आणि हा शब्द नेहमी अनेकवचनीच का असतो? ‘एक कुलंगडं’ कुणी ऐकलंय का कधी? एकावर भागत नसावं.

दाभोळ खाडी:
सासूबाईंचं गुपिताबद्दलचं म्हणणं एकदम पटलं. गुपित गोड असतं, त्यात वाढदिवसाचा केक असतो. बाकी मी काल रात्री शब्द आठवत बसलो तर लक्षात आलं की बिंग फुटतं, अंडीपिल्ली बाहेर येतात, भानगड उघडकीला येते, प्रकरण चव्हाट्यावर येतं. म्हणजे आपल्याकडे सगळे शब्द फुटल्यानंतरचे! बिंग फुटायच्या आधी कुठे असतं? ‘आमच्या घरात एक बिंग आहे’ असं कुणी म्हणतं का? तीस वर्षं घरात कुणीच बोललेलं नाही अशा गोष्टीला शब्दच नाही आणि इंग्रजीवाल्यांना नेमका तोच हवाय.

वेंगुर्ल्याची:
झाकली मूठ आहे की. सव्वा लाखाची. आणि चव्हाट्याला नावं ठेवू नका हां, चार वाटा मिळतात ती जागा, आमच्या गावात तिथे देवस्थान आहे, नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. त्यामुळे घरातलं चव्हाट्यावर नेणं ही आमच्याकडे बदनामी नाही, तक्रार नोंदवण्याची रीत आहे 😀 बाकी आजी म्हणायची ‘आमच्या घरातला आमका म्हायत’, संपलं. शब्दबिब्द काही नाही.

शुद्धलेखन्या:
मूळ प्रश्नात ‘सायकोलॉजिकल थ्रिलर’ हा शब्दप्रयोग बिनदिक्कत आला आहे आणि त्याबद्दल कोणालाच काही वाटलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. ‘मनोथरारिका’ म्हणायला काय हरकत आहे? सावरकर रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. महापौर, दिग्दर्शक हे शब्द आज आपण सहज वापरतो. तेही आधी लोकांना विचित्रच वाटले असतील. त्याच जिल्ह्यातल्या लोकांनी असे लिहावे?

उकडा तांदूळ:
मनोथरारिका ऐकून मला एखादी वनस्पती वाटली, अडुळशाशेजारी लावायची. अहो, कुलूप अरबीतून आलं, चावी पोर्तुगीजांनी दिली, मग त्या कपाटातली भानगड तेवढी शुद्ध कशी राहील?

कौलारू:
मी ळ वाला. आणि माझी व्युत्पत्ती अशी: कुळ + अंगडं. अंगडं-टोपडं मधलं अंगडं. कुळाची अंगडी, जी दोरीवर वाळत घालत नाहीत. हसा, पण माझ्याकडे पुरावा आहे. आमचं घर दापोली तालुक्यात. चार वर्षांपूर्वी कौलं उतरवून पत्रे घालायला काढले तेव्हा माळ्यावर मोठ्या हंड्यामागे एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत जुन्या पावत्या, डांबरगोळ्यांचा वास आणि सगळ्यात खाली लाल खणाचं इवलंसं अंगडं, जरीचा काठ काळा पडलेला, बंद मात्र कधी बांधलेले नसावेत इतके सरळ. आमच्या घरात तीन भावंडं, बाबा, काका नि आत्या, तिघांच्याही बाळपणीच्या कपड्यांच्या गोधड्या झाल्या, त्या गोधड्या मी पांघरल्यात. म्हणजे हे चौथं. मी खाली येऊन विचारलं हे कुणाचं, तर आत्याने ते माझ्या हातातून घेतलं, घडी घातली, आपल्या पिशवीत टाकलं आणि ‘चहा ठेवते’ म्हणाली. सुतार, मजूर सगळे बघत होते. त्या दिवसापासून कुळंगडी म्हटलं की मला ते दिसतं.

शुद्धलेखन्या:
प्रसंग हृद्य आहे, पण ही व्युत्पत्ती नव्हे. असे तर ‘भानगड’ हा कुठला तरी किल्ला ठरेल. आणि गुपिताला एवढे बालिश ठरवू नका. ‘गुप्’ म्हणजे राखणे, सांभाळणे. गुपित म्हणजे राखलेले. रहस्य ‘रहस्’वरून, म्हणजे एकांतातले. एकांतातले वेगळे आणि राखलेले वेगळे. घराण्याचे असते ते राखलेले.

दाभोळ खाडी:
अरे वा, हे आवडलं. म्हणजे गुपिताला कुणीतरी राखणदार लागतो. (आत्या!)

खोताचा नातू:
कुळ म्हटल्यावर तुम्हाला घराणं आठवतं, आम्हाला कूळकायदा. १९४८ चा कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. आमच्या घरात त्यावरून जे झालं ते कुठल्या थ्रिलरला ऐकणार नाही, कोण कसत होतं नि कुणाचं नाव लागलं, दोन चुलत आजोबा मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. जेवायला एकाच पंगतीत, पण मध्ये कुणीतरी बसवायचं. कोकणातली खरी कुळंगडी सातबाऱ्यावर असतात. एखाद्या बहिणीचं नाव कधी गळालं ते फेरफार काढून बघा, मग माळ्यावर चढायची गरज नाही. आंब्याची कलमं कुणी लावली हा तर वेगळा धागा होईल.

वेंगुर्ल्याची:
होऊनच जाऊ दे. आमच्याकडे एका फणसावरून कोर्ट चालू आहे, फणस पडला तरी केस उभी.

उकडा तांदूळ:
ल-ळ चा निकाल लागला का? कुणीतरी मोल्सवर्थचा शब्दकोश उघडा.

दाभोळ खाडी:
उघडला होता. कुळागरापाशी अडकलो, मग पोफळीवर अर्धा तास गेला, मग जेवायला हाक आली.

आगरातली:
तुम्ही सगळे महान आहात, माझी दुपार मात्र कालच होऊन गेली. नायिकेची मोठी बहीण हीच तिची खरी आई निघाली. मी धक्का बसून थांबले तर सासूबाई म्हणाल्या, ‘मला पहिल्या दिवशीच कळलं हो. बहीण एवढं हळू केस विंचरत नाही, हिसके देते.’ तो शब्द परत आला तेव्हा मी सरळ ‘डार्क सीक्रेट’ म्हटलं, त्यांनी मान डोलावली, कळलं त्यांना. नवरा अजून ल वरच आहे.

शुद्धलेखन्या:
म्हणजे एवढी चर्चा करून शेवटी इंग्रजीच!

वेंगुर्ल्याची:
ते सोडा हो. कौलारू, आहेस का? अंगड्याचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीस.

कौलारू:
आत्या अजून आहे. ल-ळ चं चाललंय ना, ते चालू द्या.