टाहोची सहल: थँक्सगिव्हिंगला की जानेवारीत?

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.

फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचेत, तोवर डोंगरातल्या टाहो तळ्याकडच्या स्कीइंगच्या सहलीचं उरकू. ४६ नावं आली आहेत. केबिनचे पैसे रविवारपर्यंत भरायचेत आणि रद्द केलं तर एक डॉलरही परत नाही. परवा टाहोच्या वाटेवर, डॉनर समिटच्या घाटात बर्फ पडला, फोटो सगळ्यांनी पाहिलेच. थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरअखेरचा, शनिवार-रविवार पक्का करू? हरकत असेल तर आजच बोला.

प्रेषक: अण्णा, सॅक्रामेंटो

हरकत माझी आहे.

तो फोटो जरा मोठा करून बघा. बर्फातून गवताची पाती वर आलेली दिसतील. मृगाची पहिली सर आली की पेरणी उरकून मोकळा होणारा शेतकरी आणि त्या फोटोवर केबिन बुक करणारं मंडळ, दोघांच्या नशिबी दुबार पेरणी.

२०२१ आठवा. ऑक्टोबरअखेरीस टाहोच्या पॅलिसेड्स स्की रिसॉर्टने लिफ्ट सुरू केल्या, तेव्हा आपल्यातले निम्मे नाचत होते. मग नोव्हेंबर जवळजवळ कोरडा गेला. आणि डिसेंबरात? सोडा स्प्रिंग्जजवळ बर्कलीवाल्यांची जी बर्फाची प्रयोगशाळा आहे, तिथे एका महिन्यात २१४ इंच! नाताळानंतर घाटातला आय-८० महामार्ग काही दिवस बंदच होता. त्याच हिवाळ्याचे जानेवारी ते मार्च पुन्हा ठणठणीत. सांगा, कुठल्या पंचांगात बसवायचं हे?

आता कोणीतरी ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी गार पडतं ते, काढेलच. ला निनाने सिअ‍ॅटलकडे ओल वाढते, सॅन दिएगोकडे कमी होते, असा साधारण कल असतो. टाहो बरोबर मधे, त्यामुळे आपल्याला त्यातून काहीच कळत नाही. २०२२-२३ ला ला निनाच होता, तरी प्रयोगशाळेत ७५४ इंच मोजले. तिथल्या १९४६ पासूनच्या नोंदींत त्याच्या वर एकच हिवाळा आहे, १९५१-५२ चा, ८१२ इंचांचा. ज्याच्या जानेवारीत आगगाडी बर्फात अडकून दोनशेवर माणसं तीन दिवस आत बसली होती, तोच तो.

म्हणून मी फक्त पुढच्या आठवड्याचा अंदाज बघतो, आणि त्यातही इंच नाही, बर्फाची पातळी. म्हणजे किती उंचीच्या वर बर्फ आणि खाली पाऊस. हवाईच्या बाजूने वाफेचा पट्टा आला तर पाणी भरपूर, पण हवा गरम. पातळी आठ हजार फुटांवर जाते. तळं आहे ६,२२५ फुटांवर, पॅलिसेड्सचा पायथाही तेवढाच. म्हणजे डोंगरमाथ्यावर बर्फ, आणि आपण खाली छत्री घेऊन. माउंट रोझ या दुसऱ्या स्की रिसॉर्टचा पायथा ८,२६० फुटांवर आहे, तो अशा वेळी बचावतो. अलास्काच्या बाजूने वादळ आलं तर बर्फ थोडा, पण पार खालपर्यंत आणि हलका.

मशिनचा बर्फ असतोच की, असं गेल्या बैठकीत कोणी म्हणालं होतं. असतो, पण त्याला नुसती थंडी पुरत नाही, कोरडी हवा लागते. माठातलं पाणी गार होतं तीच गंमत. हवा कोरडी असेल तर ३४ अंश फॅरनहाइटलाही बर्फ उडवणाऱ्या तोफा चालतात, दमट असेल तर ३१ लाही पाणीच उडतं. आणि चालल्या तरी थँक्सगिव्हिंगला पदरात काय पडतं? तपकिरी डोंगरावर एक पांढरी पट्टी, आणि त्या पट्टीवर अर्धा बे एरिया. नवशिके, पट्टीचे, सगळे तिथेच. अशाच एका पट्टीवर एक स्नोबोर्डवाला मागून आदळला होता, माझा गुडघा अजून त्याचं नाव काढतो. पोरांच्या ट्युबिंगचा, म्हणजे रबरी ट्यूबवर बसून घसरण्याचा, नंबर तर बहुधा त्यानंतरच लागतो.

जानेवारीचा शेवटचा आठवडा धरा. लाँग वीकेंड सोडून. नाहीतर टाहोला जाऊन टाहो फोडायची वेळ येईल.

प्रेषक: एक नवे सभासद, सनीवेल

अण्णा, पटलं. पण आई-बाबा पुण्याहून आलेत, ६ जानेवारीला परत चाललेत. बाबांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही आणि रोज सकाळी फोनवर टाहोचं हवामान बघतात. त्यांचं काय करू? शिवाय गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे टायरना बर्फातल्या चेन्स लागणार नाहीत ना?

प्रेषक: अण्णा, सॅक्रामेंटो

बाबांना स्कीइंग कुठे करायचंय? त्यांना दोन फूट साठलेला बर्फ आणि निळं आकाश पुरे. डिसेंबरात थंड वादळ येऊन गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, शक्यतो मधल्या वारी, पहाटे निघा. आय-८० वर कॅसल पीकच्या एक्झिटला स्नो-पार्क, म्हणजे बर्फात खेळायला जाणाऱ्यांसाठी पार्किंग, आहे. १ नोव्हेंबरपासून तिथे गाडी लावायला परवाना लागतो, तो आधीच घेऊन ठेवा. वादळ चालू असताना मात्र घाट चढू नका.

चेन्सचं: रस्त्यावर चेन्सच्या सक्तीची आर-२ पाटी लागली तर ऑल-व्हीलला सूट आहे, पण चारही टायर बर्फाचे हवेत आणि चेन्स डिकीत हव्यातच. आर-३ ला कोणालाच सूट नाही. आणि घरी, ड्राइव्हवेत, कोरड्या उजेडात एकदा लावून बघा. मी पहिल्यांदा लावल्या त्या घाटात किंगवेलला, अंधारात, बोटं बधिर झालेली. पाऊण तासाने हिने टॉर्च धरून सांगितलं की चेन उलटी आहे. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, बऱ्याच ठिकाणी चेन्स लावायलाच मनाई असते.

पार्किंगच्या पुढे शंभर पावलं चालू द्या बाबांना, तिथे बर्फ कोणी तुडवलेला नसतो. आईंच्या साडीखाली थर्मल, आणि बूट माझ्याकडे सात नंबरचे पडून आहेत.

प्रेषक: खजिनदार

रविवारचे पैसे थांबवले. जानेवारीअखेरचे दर मागवलेत, आठवड्याभरात कळवते. अण्णा, बूट सहा नंबरचे आहेत का? माझ्या सासूबाईही २० डिसेंबरला येतायत.