सेरोवेजवळचे खामा गेंडा अभयारण्य: कुटुंबासह जावे का, आणि कसे?

मुक्ता (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दीड वर्षापासून बोत्स्वानात, गॅबरोनला राहत आहोत. येत्या जुलैमध्ये नाशिकहून माझे सासरे येणार आहेत. त्यांचे वय ७२ आहे. काझीरंगा त्यांनी पूर्वी पाहिलेले असल्यामुळे आफ्रिकेतला गेंडा एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी त्यांची फार इच्छा आहे. देशाच्या उत्तरेकडील ओकावांगो या पाणथळ, वन्यजीवांच्या प्रदेशाचा लांबचा प्रवास त्यांना झेपणार नाही, म्हणून सेरोवेजवळचे खामा गेंडा अभयारण्य मनात आहे. ते कुंपणाने बंदिस्त आहे हे ऐकल्यावर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने "मग ते प्राणिसंग्रहालयच ना?" असे विचारले आणि मला तिला नीट उत्तर देता आले नाही. शिवाय हे अभयारण्य गावकरी चालवतात असे म्हणतात, त्याचा नेमका अर्थ काय? आणि सकाळी जाऊन रात्री परत यावे, की मुक्काम करावा?

अनिरुद्ध

मुक्ताताई, मुक्कामच करा. गॅबरोनपासून अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. ए-१ महामार्गाने महालापेवरून पालाप्ये, तेथून डावीकडे सेरोवे, आणि सेरोवेच्या पुढे ओरापाच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर. महालापेच्या अलीकडे मकरवृत्त ओलांडल्याची पाटी लागते; मुलीसाठी तिथे पाच मिनिटे थांबा. एकाच दिवसात परतायचे म्हटले तर शेवटचा टप्पा अंधारात येतो, आणि अंधारात या रस्त्यांवर गाई-गाढवे मोकळी फिरत असतात. जुलैत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे ध्यानात ठेवा.

आतले रस्ते कालाहारीच्या मऊ वाळूचे आहेत. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी नसेल तर स्वतःची गाडी आत नेण्याचा आग्रह धरू नका. अभयारण्याच्या उघड्या जीपमधून स्थानिक मार्गदर्शकाबरोबर जा. आम्ही पहिल्या दिवशी स्वतः फिरलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मार्गदर्शकाबरोबर गेलो. पहिल्या दिवशी आम्हाला गेंडे दिसले एवढेच. दुसऱ्या दिवशी आम्हाला ते समजले. सेर्वे पॅन नावाचे गवताळ, उथळ, विस्तीर्ण मैदान तिथे आहे. त्याच्या कडेला एक मादी आणि तिचे पिल्लू चरत होते. गाडीचा आवाज येताच पिल्लू आईच्या पुढे झाले आणि आई त्याच्या मागून चालू लागली. मार्गदर्शकाने सांगितले की पांढऱ्या गेंड्याचे पिल्लू आईच्या पुढे धावते आणि काळ्या गेंड्याचे तिच्या मागे. पांढरा गेंडा मोकळ्या मैदानात रुंद, सपाट ओठांनी गवत चरतो, तर काळा दाट झुडपांत राहून टोकदार ओठाने पाला खुडतो, आणि झुडपांतून वाट काढायची तर आईलाच पुढे व्हावे लागते. तुमच्या सासऱ्यांना काझीरंग्याशी तुलना करायला आवडेल: इथल्या दोन्ही जातींना दोन शिंगे असतात आणि एकशिंगी गेंड्याच्या अंगावर चिलखतासारख्या दिसणाऱ्या जाड घड्या यांच्या अंगावर नसतात.

सिंह आणि हत्ती इथे नाहीत. जिराफ, झेब्रे, विल्डबीस्ट, शहामृग मात्र भरपूर दिसतात. पायी माग काढण्याचीही सोय आहे, पण ७२ वर्षांचे गृहस्थ आणि लहान मूल बरोबर असताना मी त्या वाटेला जाणार नाही. पहाटेच्या फेरीसाठी कानटोपी, हातमोजे आणि जाड शाल अवश्य घ्या. जुलैत पारा कधी कधी शून्याच्या आसपास उतरतो आणि उघड्या गाडीत वारा फार बोचतो.

शुभदा

मी काही वर्षे सेरोवेत शिकवत होते, म्हणून तुमच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते, कारण तो प्रश्न मला मोलाचा वाटतो.

१९९२ च्या सुमारास बोत्स्वानात काळा गेंडा उरलेला नव्हता आणि पांढरे गेंडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. राष्ट्रीय उद्याने अफाट होती, त्यांना कुंपण नव्हते आणि शिकाऱ्यांकडे बंदुका होत्या. त्या वर्षी सेरोवे, पाजे आणि मबेलेअपुडी या तीन गावांच्या लोकांनी विश्वस्त संस्था स्थापन करून हे अभयारण्य उभे केले. आज त्याचे क्षेत्र सुमारे ८,५०० हेक्टर आहे. प्राणिसंग्रहालयात प्राण्याला खाऊ घालावे लागते. इथे तो स्वतः चरतो, जोडीदार निवडतो, आणि मादी सोळा महिने गर्भ वाहून स्वतःच्या जागेत पिल्लाला जन्म देते. इथे वाढलेले गेंडे पुढे देशातल्या इतर संरक्षित क्षेत्रांतही पाठवले गेले. मुलीला सांगा, कुंपण गेंड्याला कोंडण्यापेक्षा माणसाला बाहेर ठेवण्यासाठी जास्त आहे.

आता गावकऱ्यांविषयी. सेरोवे ही बांग्वातो लोकांची राजधानी. अभयारण्याला ज्या घराण्याचे नाव आहे, त्यातील राजे खामा तिसरे यांची आणि देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांची समाधी थाथागन्याना टेकडीवर आहे. बांग्वातोंच्या जीवनात गाईगुरांना फार मोठा मान आहे. अशा समाजाने चराईची एवढी जमीन गेंड्यांसाठी सोडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातला माणूस चटकन समजेल. लोक हे प्रश्न कोत्लात, म्हणजे गावाच्या सभेत, बसून बोलतात. विश्वस्तांत गावांचे लोक असतात, मार्गदर्शक आणि स्वागतकक्षातले कर्मचारी आसपासचेच असतात, आणि पाहुण्यांनी भरलेल्या पैशातून राखणीचा व देखभालीचा खर्च निघतो. लष्करही गस्तीला मदत करते. माझ्या वर्गातली मुले तिथल्या शिक्षण केंद्रात राहून आली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी गेंडा, म्हणजे त्यांच्या भाषेत त्सुकुडू, पहिल्यांदाच पाहिला होता. घर तासाभराच्या अंतरावर असूनही!

म्हणून माझी विनंती आहे की मुक्काम तिथेच करा आणि मार्गदर्शक तिथलाच घ्या. भेटल्यावर पुरुषांना "दुमेला, रा" आणि स्त्रियांना "दुमेला, मा" म्हणा. भेटल्यावर आधी विचारपूस करणे आपल्याकडच्यासारखेच तिथेही शोभते, आणि तुमच्या सासऱ्यांना त्यातून जास्त आदर मिळेल.

मुक्ता

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. मुक्काम ठरला. एक गोष्ट विचारायची राहिली: काही गेंड्यांची शिंगे कापलेली असतात असे ऐकले. मुलगी ते पाहून रडेल अशी भीती वाटते. त्यांना दुखते का?

निखिल

शिंग हाडाचे नसते. ते आपल्या नखांप्रमाणे केराटिनचे असते. गेंड्याला भूल देऊन मुळाच्या वर सुरक्षित अंतर सोडून ते कापतात, त्यामुळे त्याला वेदना होत नाहीत आणि ते पुन्हा वाढते. २०१८ नंतर ओकावांगोत शिकार इतकी वाढली की २०२० मध्ये तिथले उरलेले काळे गेंडे सरकारला दुसरीकडे हलवावे लागले. तेव्हा शिंग कापून जीव वाचत असेल तर ते करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक यादीत काळा गेंडा आजही अतिसंकटग्रस्त वर्गात आहे.

एक कळकळीची सूचना. फोटो काढण्यापूर्वी मोबाइलमधील स्थाननोंद बंद करा, आणि फोटो कुठे टाकलेच तर कोणत्या पाणवठ्यावर, किती वाजता, किती गेंडे दिसले हे लिहू नका. सासऱ्यांच्या मोबाइलमध्येही ते आधी तपासून घ्या.