क्लिस्टोकॅक्टसच्या कळ्या उमलत का नाहीत?

गच्चीबाग, पुणे
माझ्याकडे क्लिस्टोकॅक्टस बाउमानी हा खांबासारखा वाढणारा निवडुंग आहे. अंगठ्याएवढ्या जाडीचे त्याचे खांब आता कमरेइतके उंच झाले आहेत. यंदा प्रथमच शेंड्यांजवळ शेंदरी कळ्या आल्या. त्यांच्या बोटभर लांबीच्या, किंचित वाकड्या नळ्या झाल्या, परंतु पाकळ्या काही पसरत नाहीत. तोंडाशी पुंकेसरांचा झुपका आणि त्यातून डोकावणारी कुक्षी (स्त्रीकेसराचे टोक) एवढेच दिसते. खत कमी पडते आहे का? शिवाय पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवावी का?

निवडुंगवेडा, नाशिक
आपले फूल उमललेलेच आहे. या प्रजातीतील बहुतेक जातींची फुले अशीच जवळजवळ मिटलेली असतात. दक्षिण अमेरिकेत त्यांचे परागीभवन हमिंगबर्ड करतात. हवेत तरंगत लांब चोच नळीत घालणाऱ्या या पक्ष्याला बसायला पसरट पाकळ्या लागत नाहीत, आणि चोच आत जाताना बाहेर आलेले पुंकेसर त्याच्या डोक्याला घासतात. त्यामुळे केवळ फूल उघडावे म्हणून खत देऊ नये. नत्र जास्त झाले तर खांब लुसलुशीत होऊन वाकतात आणि आधार द्यावा लागतो. कळ्या धरल्यावर मात्र माती फार काळ कोरडी ठेवू नये, त्या गळतात.

लाल माती, सावंतवाडी
पावसाचे म्हणाल तर आमच्याकडे छपराखालीच ठेवावे लागते. मूळ प्रदेशातही, म्हणजे पाराग्वे, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनातील कोरड्या रानांत, पाऊस उष्ण महिन्यांतच पडतो, त्यामुळे पावसाचे त्याला वावडे नाही. पण कोकणातल्यासारखी आठवडेच्या आठवडे टिकणारी ओल मुळांना सोसत नाही. बुंधा तपकिरी होऊन बोटाने दाबल्यावर मऊ लागला, तर वरचा निरोगी भाग स्वच्छ सुरीने कापावा, काप सावलीत आठवडाभर सुकू द्यावा आणि मगच तो कोरड्या वाळूत रोवावा.

काळी माती, सोलापूर
छपराचा सल्ला सर्वांना लागू करू नये, असे माझे मत आहे. आमच्या कमी पावसात, निम्मी भरड वाळू व विटांचे बारीक तुकडे आणि निम्मे पोयटा व शेणखत अशा मिश्रणात हे झाड उघड्यावर चांगले राहते, आणि पावसाने काटे धुऊन निघाल्यामुळे लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीचा त्रासही कमी होतो. पुण्यात सरींमध्ये उघडीप मिळत असेल तर कुंडी बाहेर ठेवायला हरकत नाही. झड लागली की आत घ्यावी. खालची बशी मात्र काढून टाकावी, आणि थंडीत पाणी अगदी क्वचित द्यावे.