क्लब नाही म्हणून बँड नाही?

भाऊ, ‘शहरात क्लब असतात म्हणून बँड घडतात, आपल्या खेड्यात काय आहे’ हे अर्धंच पटलं. न्यूयॉर्कचा सीबीजीबी हा गाजलेला क्लब (२००६ मध्ये बंद झाला) म्हणजे एक अरुंद, कळकट बार होता. अट एकच, गाणी स्वतःची हवीत. टॉकिंग हेड्स हा रॉक बँड १९७५ मध्ये तिथं रमोन्स या दुसऱ्या बँडच्या आधी वाजवायला उभा राहिला. त्यांचा पहिला अल्बम आला थेट १९७७ मध्ये.

आपल्या गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. ऑर्गनवाला, तबलजी पार पहाटेपर्यंत वाजवतात. हात तयारच आहेत! पण गणपतीत पोरांनी स्टेजवर वाद्यं लावली की फर्माईश सिनेमाच्या गाण्यांचीच. वर्गणीतून एक रात्र नुसत्या नव्या गाण्यांची ठेवा ना. खुर्च्यांचं मी पाहतो.