मदत हवी आहे: मधल्या स्क्रीनवरचा वेग डोळ्यांसमोर आणायचा आहे (इंदूर)

नमस्कार मंडळी, टेस्ला मॉडेल वायमध्ये स्टिअरिंगमागे मीटर नाही. वेग, इंडिकेटर, सगळं मधल्या 15.4 इंची स्क्रीनवर. गाडी बाबा चालवतात, वेग बघायला दर वेळी मान डावीकडे वळते. ताशी 60 किमीला 1 सेकंदात गाडी साधारण 16.7 मीटर पुढे जाते. एबी रोडच्या गर्दीत हे फार आहे.

सीट उंच करून झाली, वेगमर्यादेची सूचना आवाजासकट सुरू केली. त्यांचा चष्मा बायफोकल. खालचा भाग साधारण 40 सेंमीवर वाचायला, स्क्रीन त्याहून लांब, म्हणून आकडे पुसट दिसतात. असा चष्मा असलेल्या कुणी मधल्या अंतराचा नंबर वेगळा काढून घेतलाय का? प्रोग्रेसिव्हने (लांब, मधलं, जवळचं असे सगळे नंबर एकाच काचेत) फरक पडतो का?

दुसरा विचार काचेवर वेग दाखवणाऱ्या एचयूडीचा. साधा ओबीडीवाला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला जोडायचा) इथे थेट लागत नाही, म्हणून जीपीएसवाला. पण तो वेग वाढताना किंचित मागे राहतो आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये सिग्नल सोडतो. काचेच्या दोन थरांमुळे आकडा दुहेरी दिसतो, त्यावर फिल्म लावतात. ती दुपारच्या उन्हात टिकते का? पोलराइज्ड गॉगलमधून आकडा दिसतो का?

स्टिअरिंगमागे बसणारा छोटा डिस्प्लेही मिळतो, पण तो गाडीच्या कनेक्टरमधून कॅन डेटा (गाडीच्या आतल्या यंत्रणा एकमेकींना पाठवतात ती माहिती) घेतो. वॉरंटीची धाकधूक आहे, त्यामुळे वायर न कापता बसवणारा इंदुरातला खात्रीचा कारागीर असेल तर कृपया कळवा.